डावा पाय, उजवा पाय

सुट्टी साठ दिवसांची. दोन गाडीत गेले,
एक झोपेत.
चौथ्या दिवशी ह्यांनी ट्रंक उघडली:
वर माझ्यासाठी शाल, लेकरांना अक्रोड,
आणि खाली, वर्दीच्या घडीखाली,
तीन डबे प्रोटीन पावडर, बारा टूथपेस्ट,
एक टाय.

टाय. उदगिरात.
मे महिन्यात.

म्हणाले, सरकारी माणसाला धंदा चालत नाही,
म्हणून तुझं नाव टाकलंय.
आधार कार्डाचा फोटो दिवाळीतच मागून घेतला होता,
मला वाटलं कँटीनच्या कार्डाला लागत असंल.
तर अशी मी, महानंदा व्यंकट कारामुंगे,
मशिनीवर ब्लाउज शिवता शिवता
कुण्या कंपनीची सिल्व्हर झाले.
सर्टिफिकिटावर तोच फोटो, घाम आलेला.

देगलूर रोडला खताच्या दुकानावर हॉल.
कूलर होता, पाणी नव्हतं.
फळ्यासमोर हे सावधान उभे.
एक गोल काढला. "हा गोल म्हणजे तुम्ही."
गोलाखाली दोन रेघा, रेघांखाली दोन गोल.
"हा डावा पाय, हा उजवा पाय.
दोन्ही सारखे चालले पाहिजेत,
तरच पैसा चालत येतो."
अठरा वर्षं परेड केलेला माणूस,
ह्यांना हे ऐकल्या ऐकल्या पटलं असणार.

समोर पेन्शनीवर आलेले दोघं,
भरतीत एका सेंटिमीटरनं हुकलेली पोरं,
आणि माझा भाऊ. तो उठायला लागला
तर मीच डोळ्यानं खाली बसवला.
फळ्याकडं कुणी बघत नव्हतं.
पोरं ह्यांच्या मानेवरची कटिंग बघत होती.
"फौजी खोटं कशाला बोलंल," मागून कुणी म्हणालं,
आणि तिघांनी फॉर्म मागितले.

रात्री गच्चीवर विचारलं, तुमच्या पायात कोण कोण?
बोटं मोजायला लागले.
डाव्यात बिष्ट, बिष्टचा मेव्हणा, लंगरमधला एक तमिळ पोरगा.
उजव्यात सगळ्यात वर थावरू राठोड.
थावरू मला ठाऊक. कंधारच्या तांड्यावरचा.
बर्फात ह्यांचा पाय मुडपला तेव्हा
चार तास पाठीवर घेऊन उतरलेला.
"तो कसा नाही म्हणंल? बडी आहे माझा."
मी कूस बदलली.

पुढच्या आठवड्यात थावरूच्या बायकोचा फोन.
"वैनी, मी शेवंता. डबे सतरा हायेत.
तांड्यावर कोण पितंय हे?
लेकराला पाजलं, ओकलं.
कंपनीत फोन लावला तर म्हणत्यात,
तुमच्या वरच्या बाईला विचारा.
वरची बाई कोण म्हणून बघितलं,
तर तुमचा फोटो."

मी वर बघितलं.
वर पत्रा होता.
पत्र्याच्याही वर, पठाणकोटला का कुठं,
कुण्या सुभेदाराची बायको असंल,
तिलाही कुणी विचारत असंल.
शिलाईचे साडेचार हजार होते डब्यात, लावून दिले.
बाकीचे नागपंचमीला देते म्हटलं, तेव्हा ब्लाउज लई येतात.
ह्यांना सांगितलं नाही.
ह्यांनी विचारलंही नाही की मशीन
रात्री बारापर्यंत का चालती.

साठावा दिवस. स्टेशनावर गाडी पाऊण तास लेट.
ट्रंकेवर बसून हे उजवा घोटा चोळत होते,
पूर्वी थंडीतच दुखायचा.
एक पोरगा आला, चप्पल हातात धरून पळत आलेला.
"साहेब, भरतीचं विचारायचं होतं."
ह्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.
मग खिशातला कागद काढला,
पेन काढला,
गोल काढला.

मी हात पुढं केला. पेन द्या जरा.
कागद एकच होता, गोल रिकामा होता.
शेवंताच्या नंबराचे दहा आकडे
त्यात बरोबर बसले.
म्हटलं, आता हा फोन तुम्ही करा.

ह्यांनी कागद बघितला. घडी केली.
घडीची परत घडी केली.
गाडी आली म्हणून माणसं उठली,
ट्रंक उचलायला मी एका बाजूनं, हे एका बाजूनं.
पोरगा तिथंच उभा होता,
छाती फुगवून, श्वास धरून,
कुणीतरी आत्ता मोजंल म्हणून.